सोळा नंबरची सावली

"सोळा नंबर कोण आहे?" अजित सरांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

रंजिता बाटलीतलं दुधाळ द्रावण मोजपात्रात ओतत होती. तिने मान वर केली नाही, पण द्रावण काठावरून टेबलावर सांडलं. नियमाने पाहिलं तर सोळा नंबर कोण हे या खोलीत कुणालाच माहीत असायला नको होतं. तपासणीला आलेल्या बायकांची नावं शेजारच्या खोलीत नम्रता सिस्टरकडे राहायची आणि इकडे नुसते आकडे यायचे. पण सोळा नंबर मंगळवार सकाळचा होता, त्या सकाळी एकच बाई आली होती आणि तिला रंजितानेच वरळी कोळीवाड्यातून टॅक्सीत घालून परळला आणलं होतं, वाटभर तिची बडबड ऐकत.

"सर, ती माझी आई आहे."

अजित सर वळले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"बस जरा," ते म्हणाले.

रंजिता उभीच राहिली. सरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. छातीच्या डाव्या बाजूचं चित्र होतं, सगळीकडे सारखं पिवळसर, आणि वरच्या अंगाला, कातडीच्या बरंच आत, एक काळा डाग. लहान लिंबाएवढा असेल.

"आपलं मॉडेल अजून कच्चं आहे," सर म्हणाले. "ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पण कच्चं आहे म्हणून हे सोडून देता येणार नाही. सोनोग्राफी करून घे. उद्याच घे. मी तिथल्या डॉक्टरबाईंशी बोलतो."

"हो सर," रंजिता म्हणाली आणि फडकं आणायला गेली. सांडलेलं पुसायला हवं होतं.

संस्थेच्या कागदोपत्री या कामाला तीन ओळींचं लांबलचक नाव होतं. कोळीवाड्यात त्याला 'बॅटरी मारायचं काम' म्हणत, आणि खरं सांगायचं तर कोळीवाड्याचं फारसं चुकत नव्हतं. अंधारात पेटत्या बॅटरीवर तळहात धरला की बोटं लाल दिसतात, हा खेळ लहानपणी कुणी केला नाही? उजेड मांसातून पलीकडे जातो. पण सरळ जात नाही. आत शिरला की तो गणपतीच्या दिवसांत लालबागला शिरलेल्या माणसासारखा धक्के खात, वळत, मागे फिरत भलत्याच ठिकाणी बाहेर पडतो, आणि बराचसा वाटेतच संपतो. जिथे रक्त जास्त तिथे उजेड जास्त संपतो, आणि गाठीला रक्त जास्त लागतं. तेव्हा छातीभोवती मऊ पट्टा गुंडाळायचा, त्यातून एकेका ठिकाणी उजेड सोडायचा, बाकीच्या ठिकाणी किती बाहेर आला ते मोजायचं, आणि आत काय असेल याचा हिशोब कम्प्युटरकडून करून घ्यायचा. तो हिशोब, म्हणजेच ते मॉडेल, रंजिताचं होतं.

हिशोब खरा उतरतो का हे पाहायला ती जेली करायची. चायना ग्रास उकळायचं, धूसरपणासाठी त्यात ते दुधाळ द्रावण घालायचं, रक्ताच्या जागी काळ्या शाईचे थेंब घालायचे आणि ठोकळे पाडायचे. कुठल्या ठोकळ्यात कुठे शाईची गोळी दडवली आहे हे तिला ठाऊक असायचं, मॉडेलला ते शोधून काढावं लागायचं. एमेस्सी फिजिक्स झालेली पोरगी परळला जाऊन जेली करते, यावर कोळीवाड्यात पुष्कळ विनोद झाले होते. रंजिता छत्तिशीची होती, नोकरी कंत्राटी होती, दरवर्षी पत्र येईपर्यंत जिवात जीव नसायचा. पण तिला हे काम आवडायचं. न कापता, न दाबता, नुसत्या उजेडाने माणसाच्या आतलं कळावं, ही गोष्ट तिला अजूनही नवलाची वाटायची.

ठोकळ्यांवर मॉडेल बरं चालायला लागलं तेव्हा खऱ्या बायका हव्या झाल्या. निरोगी, पन्नाशीच्या पुढच्या. जाहिरात लावली तर कुणी फिरकेना. मग गुणवंतीनेच, म्हणजे रंजिताच्या आईने, लालबागच्या मासळी बाजारात शब्द टाकला. "माझी पोरगी करते. दाबत नाय, टोचत नाय, नुसता लाल उजेड. च्या पण देतात." आणि बायकांत पहिली ती स्वतः गेली; आधीचे पंधरा नंबर जेलीच्या ठोकळ्यांचे होते, म्हणून तिला सोळावा मिळाला. येऊन तिने बाजारभर सांगितलं की पट्टा जरा गार लागतो, बाकी काही नाही. दुसऱ्याच दिवसापासून बायका यायला लागल्या.

त्या संध्याकाळी रंजिता परळहून चालतच लालबागला गेली. बाजारात दिवे लागले होते. गुणवंती आपल्या ओट्यावर मांडी घालून सुरमईच्या तुकड्या करत होती. बासष्ट वर्षांची बाई, पण कोयता चालवताना बघणाऱ्याने बोटं सांभाळावीत. कोपरापर्यंत दोन्ही हातांवर गोंदण होतं, तुळस, फुली, नवऱ्याचं नाव. हिरव्या बांगड्या त्यावरून वरखाली होत होत्या.

"ये गं ये," शेजारच्या ओट्यावरून लक्ष्मीने हाक मारली. ती आदल्याच दिवशी तपासणी करून आली होती. "माझा फोटू बरा आला ना? लायसनवरचा तर असला आलाय, चोर वाटते मी."

"चांगला आलाय मावशी," रंजिता म्हणाली, आणि आईजवळ वाकली. "आये, जरा बाजूला चल. बोलायचंय."

"इथं बोल. गिऱ्हाईक उभा हाय."

गिऱ्हाईक सुरमई घेऊन जाईपर्यंत रंजिता थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या तपासणीत काहीतरी दिसतंय. सावली आहे. गाठच असेल असं नाही, पण बघायला लागेल. उद्या सोनोग्राफी करायची. मी नंबर लावलाय."

"उद्या शुक्रवार."

"माहीत आहे मला उद्या शुक्रवार आहे."

"शुक्रवारचा बाजार बुडवू?" गुणवंतीने पापलेटांवर पाणी मारलं. "मना काय जालेलं नाय. तुझ्यासाठी तुझ्या उजेडात जाऊन बसले, झालं ना तुझं काम? आता सोनोग्राफी कनाला?"

"आये, ऐक जरा. सर स्वतः म्हणाले."

"कुठं दिसलं ते?"

रंजिताने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच्या ड्रेसवर बोट ठेवलं. डावीकडे, वरच्या अंगाला.

गुणवंतीचा हात पाण्याच्या भांड्यातच राहिला. तिने रंजिताच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बोट होतं तिथेच पाहिलं. मग हात पदराला पुसला.

"ती व्हय," ती म्हणाली. "ती हाय. मना म्हाइत हाय."

"माहीत आहे? कधीपासून?"

"लय दिवसांपासून. जा तू घरी. भात लाव. बापूस भुकेला असेल."

सरांच्या खोलीत रंजिता घाबरली होती, पण ती भीती अंधूक होती, चुकीचीही निघू शकणारी होती. आता आईच सांगत होती की आहे म्हणून. लय दिवसांपासून आहे म्हणून. घरात मुलगी दिवसभर हेच शोधायचं काम करते आणि ही बाई ते अंगावर बाळगून मासे विकते आहे!

"मला दाखव," ती म्हणाली.

"बाजारात दाखवू?"

"घरी दाखव."

"घरी पण नाय." गुणवंतीने एक बांगडा उचलून उगीचच दुसऱ्या बांगड्यावर ठेवला. "तिकडं डॉक्टर विचारणार, हे काय, ते काय. मना कुणाला काय सांगायचं नाय. जा."

त्या रात्री घरात तिघं जेवली. चंदूंनी, रंजिताच्या वडिलांनी, कोलंबीचं कालवण चांगलं झालं म्हणून दोनदा सांगितलं. त्यांना काही विचारावं असं रंजिताच्या फार मनात होतं, पण त्यांना माहीत असेल तर त्यांनीही आपल्यापासून लपवलं असं होईल, आणि माहीत नसेल तर आपणच सांगितल्यासारखं होईल, असं वाटून तिने नुसतं ताट उचललं. गुणवंतीला पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायला जायचं असायचं. ती लवकर निजली, आणि तिला नेहमीसारखी पटकन झोपही लागली. याचाच रंजिताला जास्त राग आला.

शुक्रवारी सकाळी गुणवंती बाजारात गेली आणि रंजिता परळला आली. सोनोग्राफीची वेळ हुकली होती. काय करावं हे सुचत नसलं की माणूस आपल्या हातातलंच काम पुन्हा करतो, तशी ती सोळा नंबरचे आकडे उघडून बसली. निदान ती सावली केवढी आहे, किती खोल आहे, हे तरी नीट बघावं.

मॉडेल दोन रंगांचा उजेड वापरत असे. त्यातला एक डोळ्यांना लाल दिसायचा, दुसरा दिसायचाच नाही. रक्त हे दोन्ही रंग सारखे गिळत नाही, एक जास्त गिळतं आणि एक कमी, आणि या फरकावरूनच ते रक्त आहे हे ओळखू येतं. रंजिताने सोळा नंबरच्या डागाचे दोन्ही रंगांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. ते सारखेच होते. तिने पुन्हा काढले. पुन्हा सारखेच.

असे आकडे तिने याआधी शेकड्यांनी पाहिले होते, पण माणसाच्या अंगात नाही. दोन्ही रंग सारखेच गिळते ती शाई. तिच्या जेलीतली.

तिला वाटलं, फायलींची अदलाबदल झाली असेल, एखाद्या ठोकळ्याचे आकडे आईच्या नावावर चढले असतील. तिने सगळं तपासलं. अदलाबदल झाली नव्हती. मंगळवारी सकाळी ठोकळा मोजलाच नव्हता. मग माणसाच्या छातीत शाई कुठून आली?

ती उठून नम्रता सिस्टरकडे गेली. नम्रता लोअर परळच्या चाळीत वाढलेली, आधी मोठ्या रुग्णालयात नोकरी केलेली आणि कशानेही न दचकणारी बाई. ती बिस्किट चहात बुडवत होती.

"नम्रता, मंगळवारी आईला पट्टा लावताना तुला इथं काही दिसलं का गं? डावीकडे वर?"

"गोंदण होतं ना," नम्रता म्हणाली. "पाच टिंबं. जुनं आहे, हिरवं पडलंय."

रंजिताने कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?" बिस्किट तुटून चहात पडलं, तरी नम्रता शांत होती. "ऑपरेशन विचारतेस, टाके विचारतेस, तीळ, भाजल्याचे डाग, सगळं विचारतेस. गोंदण कुठं विचारतेस? माझ्या आजीच्या कपाळावर पण होतं. आजोबांनी पुढे घरात कुणाला काढून दिलं नाही, पण आजीचं होतं ते होतं. त्यात सांगण्यासारखं काय?"

तिचं बरोबर होतं. तपासणीआधी विचारायचे प्रश्न रंजितानेच केले होते. परदेशी लोकांच्या लेखांत टॅटू असलेल्या बायका वगळाव्यात असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि ते तिने वाचलंही होतं. वाचून ती हसली होती. आपल्या बाजारातल्या बायका कुठे टॅटू काढायला चालल्यात, असं म्हणून तिने तो प्रश्न गाळला होता. जन्मल्यापासून जिच्या हातावरची तुळस बघत ती वाढली, त्या बाईला तपासणीला बसवताना तिला एकदाही वाटलं नव्हतं की ही शाई आहे. आई म्हणजे हिरव्या हातांची बाई, एवढंच. चौकशी करणारी ती, तपासणारी नम्रता आणि तपासून घेणाऱ्या साऱ्या बायका, कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं.

बाकीचं तिला उभ्या उभ्या कळलं. पट्ट्यातला एक दिवा नेमका त्या टिंबांवर आला असणार. उजेड आत शिरतानाच तिथे कमी झाला. मॉडेलला तिने शिकवलं होतं की कातडी सगळीकडे सारखी असते, तेव्हा तो कमी झालेला उजेड कुठे गेला याचं उत्तर बिचाऱ्याने आत शोधलं, आणि पाच टिंबांचा मिळून एक डाग करून मांसात ठेवून दिला.

रंजिताला हसू आलं आणि ती ओढलेल्या खुर्चीत बसली. नम्रताने उरलेला चहा तिच्यापुढे सरकवला. आईला काही झालेलं नाही, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं.

अजित सरांना सांगितलं तेव्हा तेही हसले, पण म्हणाले, "छान. तरी सोनोग्राफी करूनच घे. तुझं म्हणणं बरोबर असेल, पण आपण मॉडेलच्या भरवशावर कुणाचा जीव ठेवत नाही."

कोळीवाड्यात पोहोचली तेव्हा उन्हं उतरली होती. चंदू दारातल्या पायरीवर जाळ्याचा फाटका भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून शिवत होते. गुणवंती नुकतीच बाजारातून आलेली, आत भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेली.

"आये, काय गं तू!" रंजिता चपला काढता काढताच बोलायला लागली. "गोंदण आहे म्हणून सांगायचं ना! मी दोन दिवस मरत होते इथं. तुला म्हाइत हाय म्हणालीस, मला वाटलं गाठच म्हाइत हाय. पाच टिंबं सांगायला काय झालं होतं?"

दारातली चंदूंची सुई थांबली. त्यांनी अंगठ्यातून जाळं सोडवलं, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि "होडी बघून येतो," असं म्हणून ते निघून गेले. होडी त्यांनी तासाभरापूर्वीच बघितली होती.

तेव्हा रंजिताच्या लक्षात आलं की आपण बोलायला नको ते मोठ्याने बोललो.

"दार लोट," गुणवंती म्हणाली.

रंजिताने दार लोटलं आणि ती आईसमोर जमिनीवर बसली.

"तुझ्या आधी एक होती," गुणवंती म्हणाली. "पोरगीच. श्रावणात जाली. दिवाळीच्या आधी ताप आला नि गेली. तुझा बापूस तवा दर्यावर होता. आला तवा सगळं आटपलं होतं."

"मला कुणी कधी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? तुझी आजी बोलली, नाव घेऊ नका, नायतर पुढचं पण टिकणार नाय. मग नाय घेतलं. तू आलीस, तू टिकलीस. मग तर नावच नको." तिने पदर मांडीवर सारखा केला. "राधा ठेवलं होतं."

बाहेरून कुणाची तरी मोटारसायकल गेली. गुणवंती पायाचे अंगठे एकमेकांवर घासत राहिली.

"दूध पिताना तिची मूठ इथं असायची," तिने पदरावरूनच हात ठेवला. "घट्ट. पिऊन झोपली तरी सोडायची नाय, एकेक बोट सोडवायला लागायचं. ती गेली तरी मना दूध येत होतं. रात्री वाटायचं, हाय मूठ. चाचपून बघायची मी. मग चैत्रात एकवीरेला गेलो तर डोंगराच्या खाली गोंदणारीण बसली होती. सगळ्या बाया हातावर घेत होत्या. मी बोलले, मना इथं घाल, पाच बोटांची पाच. ती बोलली, इथं लय दुखेल बाय. मी बोलले, घाल."

"बाबांना माहीत आहे?"

"बघतो ना तो. आंधळा हाय का? पण विचारलं नाय कधी. विचारलं नाय ते बरं केलं." गुणवंतीने पहिल्यांदाच लेकीकडे नीट पाहिलं. "म्हणून त्या डॉक्टरकडं नको बोलले. ती विचारील, हे काय हाय. चाळीस वर्षं घरात नाय बोलले ते तिला कनाला सांगू?"

आई धडधाकट आहे, या आनंदात रंजिता धावत आली होती. तो आनंद होताच, पण आता त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. तिला एक बहीण होती. ती थोरली होती, आणि रंजिता दुसरी. छत्तीस वर्षं ती स्वतःला एकुलती एक समजत होती आणि आईच्या ब्लाउजच्या आत हे असं होतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. गुणवंती मात्र रडली नाही. तिने लेकीच्या डोक्यावर माशांचा वास असलेला हात फिरवला आणि म्हणाली, "पुरे आता. नाक पूस."

चहा पिऊन झाल्यावर रंजिताने भीत भीतच विचारलं. मॉडेल सुधारायचं तर ती टिंबं नेमकी कुठे आहेत, केवढी आहेत, हे त्याला सांगावं लागेल. नाहीतर आईचे आकडे सोडून द्यावे लागतील, आणि तिथे गोंदण असलेल्या बाजारातल्या इतर बायकांचेही.

"सोडून देणार? मना?" गुणवंतीला हे अजिबात पटलं नाही. "मी सगळ्यांना घेऊन आले नि मनाच भायेर काढतेस?"

ती उठली, खिडकीकडे वळली आणि तिने स्वतःच हूक सोडले. रंजिताने पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा त्या जागी धरला आणि पेनने टिंबं टिपून घेतली. चार एका ओळीत, जराशी वाकडी, आणि एक खाली, वेगळं, अंगठ्याचं. प्लास्टिक सरकू नये म्हणून गुणवंती श्वास धरून उभी होती.

सोमवारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी गार जेल लावून सगळीकडे यंत्र फिरवलं आणि काहीही नाही म्हणून सांगितलं. गोंदणाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. बाहेर आल्यावर गुणवंती कुरकुरली, "एवढी मी घाबरले, नि तिने विचारलं पण नाय."

तिथून संस्था चार पावलांवर. गुणवंती म्हणाली, आलेच आहे तर फोटू बघूनच जाते. नियमात बसत नव्हतं, पण अजित सरांनी स्वतः खुर्ची आणून दिली आणि त्यांनी चहाही मागवला. रंजिताने आदल्या दिवशी, रविवारी येऊन, पाचही टिंबं हिशोबात घातली होती. तिने नवीन चित्र उघडलं. सगळीकडे सारखं पिवळसर. वरच्या अंगाला काही नव्हतं, आतही काही नव्हतं.

"हे बघ," ती म्हणाली. "साफ आहे. आता चुकत नाही ते."

"फार चांगलं काम झालंय, ताई," अजित सर म्हणाले. "तुमच्यामुळे मोठी चूक सापडली आमची."

गुणवंतीने पुढे वाकून त्या पिवळ्या चित्रात पुष्कळ वेळ काहीतरी शोधलं.

"नि ती?" तिने विचारलं. "ती सावली कुठं गेली?"

"टिंबं वर कातडीवर आहेत हे त्याला कळलं ना. म्हणून आतली गेली."

"आधीचा दाखव."

"तो चुकीचा आहे, आये. तो आम्ही काढून टाकणार."

"काढ ना. तुमचं काम हाय ते. मना एकदा दाखव."

रंजिताने जुनं चित्र उघडलं. लहान लिंबाएवढा काळा डाग, मांसात खोल बसलेला. गुणवंती खुर्चीवरून उठली आणि अगदी जवळ गेली. कोयत्याने ठिकठिकाणी चिरलेला हात तिने वर केला आणि त्या डागावर काचेवर ठेवला, बोटं जराशी मिटून, आत काहीतरी लहान धरावं तशी.

"एवढीच मूठ होती," ती म्हणाली. "फोटू काढायचा राहिला होता तिचा."

अजित सर हळूच उठले आणि चहा का आला नाही ते बघायला बाहेर गेले. रंजिताने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि आईचं बघून व्हायची वाट बघत ती शेजारी बसून राहिली.